आजीची मुंबई, खिडकीतला धबधबा

कुंडमळ्याच्या दुर्घटनेनंतर आमच्या घरात धबधब्याचं नाव काढायची सोय नव्हती. तरी जुलैत इंदुरीहून एक कॅराव्हॅन निघाली. तिने आजीला धबधबा दाखवला आणि आजोबांची मुंबईसुद्धा!

आमची आजी प्रवासाला निघायची असली की आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. सकाळचा चहाही अर्धा कप. कारण विचारलं तर म्हणते, "वाटेत कुठं जायचं गं बायामाणसानं?" म्हणून ती फारशी कुठे जातच नाही. गुडघे दुखतात हे सगळ्यांना सांगायचं कारण, पाण्याचं कारण घरातलं.

त्यामुळे चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, दोन दिवसांसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेऊन दारात आला, तेव्हा आजीने गाडीतले बेड बघितले नाहीत की टीव्ही बघितला नाही. मागचं छोटं दार उघडून ती म्हणाली, "आगं, संडास गाडीतच? मग मी येती."

टीम ठरली. आजी, आई, काकू, मी आणि स्टिअरिंगवर दादा. बाबा म्हशींसाठी घरी थांबले. प्लॅन साधा होता: एक रात्र लोणावळ्याच्या अलीकडे, एक रात्र बेलापूरला मावशीकडे आणि मधली सकाळ-दुपार आजीची मुंबई.

"पाण्यात पाय टाकायचा नाही"

निघताना आईने एकच अट घातली. धबधबा बघायचा, पण पाण्यात पाय टाकायचा नाही. एरवी आम्ही वाद घातला असता. या वर्षी कुणी घातला नाही.

कुंडमळा आमच्या गावाला लागूनच. इंद्रायणीच्या पात्रातले रांजणखळगे, काठावरचं देऊळ आणि पलीकडे जाणारा जुना लोखंडी पूल. शाळेत असल्यापासून कितीदा त्या पुलावरून गेलोय. १५ जून २०२५ च्या रविवारी दुपारी तो पूल पर्यटकांच्या गर्दीसकट नदीत कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. त्या दिवशी गावात सायरन थांबतच नव्हते.

त्याच्या वर्षभर आधी, ३० जून २०२४ ला, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. घट्ट धरून उभी असलेली माणसं आणि बघता बघता वाढलेलं पाणी.

हे पाणी इतक्या झटकन का वाढतं? लोणावळ्यात वर्षाला साधारण ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. वरचा डोंगर उभ्या काळ्या कातळाचा, मातीचा थर पातळ. पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे वर जोराची सर आली की खाली लोंढा यायला वेळ लागत नाही. खाली उभं राहणाऱ्याच्या डोक्यावर पाऊस नसला तरी! त्यात शेवाळलेला दगड. पोहता येतं की नाही, याचा तिथे फारसा संबंधच उरत नाही.

थांबलात तर दिसतो

तळेगावहून जुन्या हायवेला लागलो. वडगाव, कामशेत, कार्ला फाटा. मंगळवार असल्याने ट्रॅफिक नव्हतं. मळवलीजवळ ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या आवारात गाडी लावली. त्यांनी विजेचं कनेक्शन दिलं, टाकीत पाणी भरू दिलं. समोर लोहगड आणि विसापूर असायला हवे होते, पण दिसत होतं फक्त पांढरं धुकं. याच लोहगडाला जुलैतच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळालीये, हे मी आजीला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "दिसू दे तर आधी."

एका दिवसाच्या ट्रिपला आलो असतो, तर इथेच चिडचिड सुरू झाली असती. एवढ्या लांब आलोय आणि काहीच दिसत नाही, मग चला अजून पुढे, अजून जवळ, थेट पाण्यात. आपण धबधब्याखाली जातो त्यामागे हौस असते, तशी ही घाईसुद्धा असते, असं मला आता वाटतं. संध्याकाळच्या आत सगळं वसूल करायचं असतं.

आम्हाला कुठेच जायचं नव्हतं. काकूने पिठलं टाकलं, भाकरी घरूनच आणल्या होत्या. रात्रभर छतावर पाऊस वाजत राहिला. सकाळी साडेसहाला आजीने मला हलवून उठवलं. धुकं वर सरकलं होतं आणि भाज्याच्या बाजूच्या कड्यावरून एक, दोन, मोजत गेलो तर सात पांढऱ्या धारा खाली येत होत्या. आजी खिडकीशी बसून होती, हातात पूर्ण भरलेला चहाचा कप. पंधरा मिनिटांनी पडदा परत पडला. आम्ही पंधरा मिनिटांत सगळं बघितलं, पण त्यासाठी चौदा तास थांबलो होतो.

पुढे खंडाळ्यात राजमाची पॉइंटला रेलिंगच्या अलीकडून दरी बघितली. याच परिसरात कुणे धबधबा टप्प्याटप्प्याने सुमारे २०० मीटर खाली येतो. तो लांबूनच बघायचा धबधबा आहे. जवळ गेलं तर एवढा मोठा तो डोळ्यांत मावणारच नाही.

घर आहे, पण उभं कुठे करायचं?

घाट उतरून संध्याकाळी बेलापूर गाठलं. मावशीच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांनी विचारलं, "पेशंट कोण आहे?" त्यांना ती ॲम्ब्युलन्स वाटली होती. पाच मिनिटं हसण्यात गेली आणि पुढचा पाऊण तास पार्किंगमध्ये. ही गाडी ना कारच्या जागेत मावत, ना कोणाच्या नियमात बसत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. ईस्टर्न फ्रीवेवरून थेट दक्षिण मुंबई. १८८८ पासून उभं असलेलं सीएसएमटीचं स्टेशन दिव्यांच्या उजेडात बघितलं आणि साडेसहाच्या सुमाराला मरीन ड्राइव्हला पोहोचलो. मागच्या शेगडीवर चहा झाला. आजी कट्ट्यावर बसली, समोर उधाणलेला समुद्र.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचे आजोबा मुंबईत डबेवाले होते. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यात गेली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झालेलं हे काम. आजोबा चर्चगेटला डबे उतरवायचे. आजी मात्र आयुष्यभर शेत, गुरं आणि मुलं सांभाळत इंदुरीत. त्यांची मुंबई तिने फक्त ऐकली होती.

साडेआठनंतर रस्ता भरला. ट्रॅफिक पोलिसांनी समजुतीने सांगितलं, "मावशी, चहा झाला असेल तर गाडी हलवा." मग दादा कॅराव्हॅन घेऊन चकरा मारत राहिला आणि आम्ही चौघी हळूहळू चर्चगेटला आलो. साडेअकराच्या सुमाराला पांढऱ्या टोप्या दिसायला लागल्या. डोक्यावरून लांब लाकडी खोकी उतरत होती, फुटपाथवर डबे वेगळे होत होते. आजी बाजूला उभी राहून बघत होती. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग एकाला विचारलं, "कुठलं गाव, बाळा?" तो राजगुरूनगरजवळचा निघाला. एवढ्यावरच ती खूश.

परत गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुझा आजा सांगायचा, लई गर्दी असती. मला वाटायचं वाढवून सांगतो."

धोरण आहे, जागा हवी

परदेशात नायगाऱ्यासारख्या ठिकाणी अशा गाड्यांसाठी खास कॅम्पग्राउंड असतात. पाणी, वीज आणि मैला रिकामा करायची सोय एकाच ठिकाणी. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलंय. त्यात कॅराव्हॅन पार्कची आणि तिथल्या पाणी, वीज, स्वच्छतागृहांची कल्पना आहे. आमच्या ट्रिपमध्ये मात्र हे सगळं ओळखीपाळखीवर निभावलं. ओळख नसलेल्याने काय करायचं?

आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाला कॅराव्हॅन परवडणार नाही. आजीला तरी कुठे बेड आणि टीव्ही हवा होता? तिला हवा होता एक स्वच्छ संडास आणि बसायला जागा. धबधब्यापासून सुरक्षित अंतरावर एवढं जरी मिळालं, तरी किती आज्या घराबाहेर पडतील!

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय काय बघितलं?" आजी म्हणाली, "सगळं. आन् दोन दिवस पोटभर पाणी प्याले."

कॅराव्हॅनने निघताय?

• भाडं ठरवताना दिवसाचा दर, किलोमीटरची मर्यादा, डिझेल आणि डिपॉझिट हे चारही वेगवेगळे विचारा.

• चालक सोबत मिळणार की स्वतः चालवायची, हे आधी ठरवा. परवाना आणि विम्याची कागदं बघून घ्या.

• रात्री गाडी कुठे उभी राहणार हे ठरल्याशिवाय निघू नका. गाडीची उंची माहीत असू द्या.

• टॉयलेटची टाकी नदीत, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला रिकामी करू नका. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून संडासातच ओता.

• पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा. निघण्याआधी हवामानाचा इशारा आणि प्रशासनाचे बंदी आदेश तपासा.