दादीच्या उशाखालची गोळी

पुसद-दिग्रसकडच्या आपल्या घरांत दादी, नाना पहाटे अंधारातच फज्रसाठी उठतात. रात्री झोपेची अल्प्राझोलाम घेतली असेल, तर वुजूच्या ओल्या जागेवर तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडू शकते. उतारवयात या गोळीचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो. सर्दीच्या क्लोरफेनिरामिननेही गुंगी येते. दोन्ही मिळून धोका वाढतो.

२०१४ पासून अल्प्राझोलाम एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती मिळू नये. आम्ही सांगतो, शेजारणीची गोळी आणू नका. बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंदही करू नका. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय रुग्णालयात दाखवा. इशानंतर चहा टाळा, वुजूच्या जागी दिवा ठेवा. शरीर अल्लाहची अमानत आहे.