दंतरोपणावरील मुकुट, अस्थिक्षय आणि मराठीचे दंततालव्य ध्वनी

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन्ही शब्द सहज कानी पडतात. लिपीत दोहोंचा ‘च’ एकच; उच्चारात पहिला तालव्य, तर दुसरा दंततालव्य. हा भेद वरच्या दातांमागील जिभेच्या स्पर्शावर आणि तेथून निसटणाऱ्या वायूवर अवलंबून असल्याने कृत्रिम दातांचा आकार हा उच्चारशास्त्राचाही विषय ठरतो.

१९६५ साली स्वीडनमध्ये ब्रॅनेमार्क यांनी मानवी जबड्यात टायटॅनियमची रोपणे बसविली. नैसर्गिक दात व अस्थी यांमध्ये तंतुमय बंध असतो. रोपण मात्र अस्थीशी साक्षात जोडले जाते. त्याच्याभोवती हिरडीची पकडही तुलनेने दुर्बळ असते. पहिल्या वर्षानंतर वार्षिक अस्थिक्षय ०·२ मिलिमीटरहून कमी असावा, असा निकष १९८६ साली मांडला गेला.

येथे मुकुटाच्या, म्हणजे बोलीतील ‘कॅप’च्या, घडणीचा संबंध येतो. हिरडीतून वर येताना मुकुट एकाएकी रुंदावला, तर त्याखाली ब्रश पोहोचत नाही; जंतूंचा थर साचतो, दाह होतो आणि अस्थी झिजते. हा कोन ३० अंशांहून अधिक व बाजू फुगीर असल्यास काही रोपणांभोवती दाह अधिक आढळतो, असे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले. हिरडीखाली राहिलेले सिमेंटही असाच अपाय करते. अर्थात धूम्रपान, मधुमेह व पूर्वीचा हिरडीरोग ही कारणेही दृष्टीआड करता येत नाहीत.

खरा पेच वरच्या जबड्यातील संपूर्ण स्थिर दंतपंक्तीत उद्भवतो. स्वच्छतेसाठी हिरडीशी फट ठेवावी, तर वायू निसटून ‘स’ व दंततालव्य ‘च’, ‘ज’ बिघडतात. फट बुजवावी, तर उच्चार सुधारतो, पण मळ साचतो. यास्तव तळ बहिर्गोल व गुळगुळीत ठेवून बाजूंनी बारीक ब्रशला वाट द्यावी, आणि कायमच्या दातांपूर्वी तात्पुरत्या दातांवर उच्चाराची परीक्षा घ्यावी. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, अशा जोड्यांची शब्दसूची भाषाभ्यासकच सिद्ध करू शकतील. परभाषेतील सूचीने हा भेद पारखता येणार नाही.

तरीही दोहोंपैकी एकाचीच निवड करावयाची झाल्यास स्वच्छतेस अग्रमान द्यावा. जीभ बहुधा काही आठवड्यांत नव्या आकाराशी जुळवून घेते. झिजलेली अस्थी मात्र आपण होऊन परतत नाही.