नाकतोड्यापाशी वळणारी गोष्ट

जॉन बॅडमच्या १९८६च्या ‘शॉर्ट सर्किट’मध्ये लष्करी यंत्रमानव ‘नंबर ५’ वीज पडून जिवंत होतो. माझी नातवंडं इथे टाळ्या पिटतात. मला तो निव्वळ योगायोग वाटतो. सुरुवातीला खपून जातो इतकंच. पटकथेचं खरं वळण पुढे आहे. बागडताना त्याच्याखाली नाकतोडा चिरडला जातो. ‘याला पुन्हा जोड,’ असा त्याचा त्याला आसरा देणाऱ्या स्टेफनीकडे हट्ट. मेलेलं जोडता येत नाही हे कळताच, आपले भाग सुटे करणं म्हणजे आपलं मरण, हे त्याला उमगतं. आता त्याला पकडून सुटं करायला निघालेल्यांच्या पाठलागातल्या गमतीलाही धास्ती चिकटते. शास्त्रज्ञ क्रॉस्बी त्याचं जिवंतपण तपासतो तेही विनोद सांगून! सुट्या भागांपासून बनवलेल्या तोतयामुळे झालेली त्याची सुटका मात्र सोयीस्कर. तरीही मुलांना हा सिनेमा जरूर दाखवा.