बोळक्या तोंडास आधार कोणता?

दात गेले की जबड्याचे हाडही झिजू लागते. मग खालची कवळी जिभेबरोबर हलते आणि वृद्ध माणूस भाकरी सोडून पेजेवर येतो. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली टायटॅनियमचे खुंट हाडात रोवून रोग्यास स्थिर दात दिले.

आज मुख्य मार्ग दोन. पहिल्यात चार ते सहा खुंटांवर दातांची पंक्ती कायमची जखडतात; ती हलत नाही, पण खर्च मोठा आणि तिच्याखालची सफाई किचकट. दुसऱ्यात खालच्या जबड्यात दोनच खुंट बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवितात. २००२ साली मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी, असे मत दिले. वरच्या जबड्याचे हाड भुसभुशीत. तेथे बहुधा चार तरी खुंट लागतात.

आम्हांस वाटते, प्रश्न केवळ ऐपतीचा नाही. खुंटाला कीड लागत नाही. परंतु अस्वच्छतेने भोवतालची हिरडी सुजते, हाड खचते. हात कापत असतील, दृष्टी मंदावली असेल, तर रोज काढून धुता येईल तीच कवळी बरी. म्हणून दंतवैद्यास खर्च विचारण्यापूर्वी, हे दात रोज स्वच्छ कोण करणार, हे आपण स्वतःला विचारावे.