बातमीचे पैसे कोण भरतो?

मंडईतला गाळेवाला मेथी ताजी असल्याची शपथ घेतो, तरी आपण जुडी उलटी करून पाहतोच. बातमी अशी उलटून पाहता येत नाही. ती खरी की खोटी हे तपासण्याचे काम वाचकाच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी आधी केलेले असावे लागते, आणि त्या कामाला पैसा लागतो. हा पैसा येतो कोठून, याची चर्चा मंडई विद्यापीठात आम्ही फारशी ऐकली नाही. एरवी तेथे कोणताही विषय वर्ज्य नसतो!

वर्तमानपत्राच्या किमतीत बातमीचा खर्च निघत नाही. तो भार वर्षानुवर्षे जाहिरातींनी वाहिला. क्रेग न्यूमार्क या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ओळखीच्या लोकांना गावातील कार्यक्रमांची यादी संगणकावरून पाठविण्यास आरंभ केला. पुढे तिचीच 'क्रेग्जलिस्ट' ही इंटरनेटवरील पेठ झाली. खोली भाड्याने देणे, जुने कपाट विकणे या छोट्या जाहिराती तेथे बहुतेक फुकट. साहजिकच वर्तमानपत्रांचे ते उत्पन्न आटले. याच न्यूमार्क यांनी २०१८ साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील पत्रकारिता विद्यालयास दोन कोटी डॉलर दिले. विद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. यास कोणी प्रायश्चित्त म्हणेल; आम्हांस तसे म्हणवत नाही, कारण त्यांनी पेठ काढली नसती तर दुसऱ्या कोणी काढली असती.

आपल्याकडे असे उदाहरण पाहू गेल्यास श्रीमती रोहिणी निलेकणी यांचे नाव पुढे येते. त्या माहेरच्या सोमण. त्यांचे आजोबा बाबासाहेब सोमण हे बेळगावचे वकील. १९१७ साली ते गांधीजींच्या हाकेस ओ देऊन चंपारण्यात गेले होते. रोहिणीबाईंनी स्वतः मुंबईत पत्रकारिता केली. १९८१ साली पुण्यात सात जणांनी 'इन्फोसिस' ही संगणक-व्यवसायाची कंपनी काढली. त्यांत त्यांचे पती नंदन निलेकणी होते, आणि बाईंनी आपल्याजवळचे दहा हजार रुपये तीत घातले. त्या दहा हजारांचे काय झाले हे सांगावयास नकोच. पुढे हा पैसा दानाकडे वळला: पाण्यासाठी 'अर्घ्यम्', मुलांच्या पुस्तकांसाठी २००४ साली 'प्रथम बुक्स'. २०१३ साली त्यांनी सुमारे १६४ कोटी रुपयांचे शेअर याच कार्यासाठी विकले.

पत्रकारितेसाठी मात्र त्यांनी एका न्यासाच्या मार्गाने पैसे दिले, आणि आमच्या मते मुद्दा येथेच आहे. २०१५ साली बेंगळुरू येथे 'इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन' हा न्यास स्थापन झाला. अझीम प्रेमजी, रोहिणी निलेकणी इत्यादींनी त्यात पैसा घातला. ज्येष्ठ संपादक टी. एन. नैनन अध्यक्ष झाले. विश्वस्तांत आपले अमोल पालेकरही होते. दात्याने पैसा न्यासाला द्यावयाचा, कोणास किती द्यावयाचे ते विश्वस्तांनी ठरवावयाचे, आणि काय छापावयाचे ते संपादकाने. 'द वायर', 'इंडियास्पेंड' अशा वृत्तसंस्थांना हे साहाय्य मिळाले. दाता आणि लेखणी यांच्यामध्ये एक भिंत घातली, एवढाच याचा अर्थ.

ही भिंत का लागते, ते मंडईतच उभे राहून सांगता येईल. इमारतीला नाव जोतीराव फुल्यांचे आणि आवारात पुतळा टिळकांचा. (ही मंडई बांधण्याच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांचा विरोध होता, ही त्यातली गंमत!) 'केसरी' आणि 'मराठा' पत्रांनी कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर जे आरोप छापले, त्यांचा आधार असलेली पत्रे बनावट निघाली. १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या खटल्यात दहा हजारांचा जामीन जोतीरावांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी भरला. 'केसरी'च्या मतांशी जोतीरावांचे किती जमत होते हे पुणेकरांस ठाऊक आहे. तरी पैसा उभा राहिला, आणि त्याच्या बदल्यात 'केसरी'ने आपली मते बदलावी असे कोणी म्हटले नाही.

पण तो पैसा जामिनासाठी होता. छापण्यापूर्वी पत्रांतील हस्ताक्षर ताडून पाहणारा माणूस, कोल्हापुरास धाडलेला दुसरा बातमीदार, वकिलाचा सल्ला — यांचा खर्च कोणी दिला असता? आजही धनिकांचे दान खरे लागते ते या न दिसणाऱ्या कामाला. छापून न आलेल्या खोट्या बातमीची पावती कोणी मागत नाही, म्हणून तिच्यासाठी देणगी मिळणे कठीण.

आणि मोठ्या दात्यांवर सारे विसंबणेही बरे नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याचे अधिकारी या न्यासाच्या कचेरीत सर्वेक्षणासाठी पोचले. पैशाचा झरा एकाच ठिकाणी असला की त्याच्यापर्यंत पोचणेही सोपे असते. साने गुरुजींनी १९४८ साली काढलेले 'साधना' साप्ताहिक आज शनिवार पेठेतून निघते, मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याची वर्गणी भरणाऱ्यास मात्र आपण कधी दाता म्हणत नाही.