चार कोटी ओळी, वाचायला कुणालाही मोकळ्या

हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने सप्टेंबर १९९१मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती इंटरनेटवर ठेवली, तेव्हा तिचा कोड होता सुमारे १०,००० ओळींचा. पानाला ५० ओळी धरल्या, तर २०० पानांचं एक पुस्तक. आज एकट्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, जवळपास ४ कोटी ओळी आहेत. त्यांचे ४०० पानी २,००० खंड होतील.

सेकंदाला एक ओळ या वेगाने, ना जेवण ना झोप, असं वाचत बसलं तरी सव्वा वर्ष लागेल. पण या कोडमध्ये तासाला सरासरी आठ-नऊ बदल होतात. शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत ९०,०००च्या आसपास बदल झालेले असतील! दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीला सुमारे २,००० प्रोग्रॅमरांचा हात लागतो. त्यात इंटेल, गूगल, हुआवेसारख्या एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसं असतात.

जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७पासून ५००च्या ५०० लिनक्सवर चालतात. २०२३मध्ये ७५वा आलेला पुण्याच्या सी-डॅकमधला ‘ऐरावत’ त्यांतलाच. ३०० कोटींहून जास्त अँड्रॉइड उपकरणांच्या पोटातही लिनक्सच आहे. २०२१मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्येही तेच होतं.

पैशांत मोजायचं तर? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४च्या अभ्यासानुसार, जगात सर्रास वापरलं जाणारं ओपन सोर्स, म्हणजे लिनक्ससारखं कोड सर्वांना खुला असलेलं सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहायला सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. ते नसतं आणि प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागलं असतं, तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलर! भारताच्या वार्षिक जीडीपीच्या दुपटीहून जास्त.

या अवाढव्य आकड्यांइतकाच मोलाचा एक चिमुकला आकडा आहे: अर्धा सेकंद. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉगिनला नेहमीपेक्षा तेवढा जास्त वेळ लागतोय असं दिसलं. त्याने माग काढला, तर ‘एक्सझी’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवलेला निघाला. फ्रॉइंड काही ‘एक्सझी’च्या चमूतला नव्हता. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहावी लागली असती. इथे कोड समोर होता, आणि तो उघडून बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती.