आधी पंखा बंद करा

घरात कुणी गेलं की आधी पंखा बंद करायचा, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. आई फोनवर तेच सांगायची. "पंखा बंद करा. डोळे मिटवा, पापण्यांवर कापसाच्या ओल्या घड्या ठेवा. डोक्याखाली उशी द्या. आम्ही निघालोच." पलीकडचं रडणं मला ओट्यापाशी ऐकू यायचं. आई गॅस बंद करून पदराला हात पुसत बाहेर पडायची, तोवर बाबांनी स्कूटर काढलेली असायची.

ती नेत्रदानाचं काम करायची. पगार नव्हता, पदही नव्हतं. आमच्या तालुक्याच्या गावात नेत्रपेढी नव्हती. जिल्ह्याहून गाडी यायला तास लागायचा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे घ्यावे लागतात. म्हणजे पाच उरले. त्यात डॉक्टरांचा दाखला, संमतीपत्र, दोन साक्षीदार, आणि सगळ्यांत अवघड, घरच्यांचा होकार.

पंखा का, हे तिनेच समजावलं होतं. बुबुळावर एक पारदर्शक काच असते, कॉर्निया. मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू ती अश्रूंवाटे थेट हवेतून घेते. म्हणून हृदय थांबल्यावरही काही तास ती टिकते, आणि ती बसवताना सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही. पण वाऱ्याने वाळली की गेली. देणाऱ्याला चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, हे ती प्रत्येक घरात सांगायची, कारण प्रत्येक घरात तेच विचारलं जायचं.

सुट्टीत मी कधी कधी तिच्याबरोबर जायचे. चपला काढल्यावर ती पार्थिवाकडे लगेच वळायची नाही. दाराशी कुणीतरी नातेवाइकांना फोन लावत उभा असतो, भाचा किंवा जावई. त्याच्याशी ती दोन मिनिटं हळू आवाजात बोलायची. मग आत जाऊन गेलेल्या माणसाच्या बायकोजवळ किंवा मुलाजवळ नुसती बसायची. बराच वेळ. गाडी वाटेत असायची, घड्याळ पुढे सरकत असायचं, मला घाई व्हायची, तिला नाही. विचारायची मात्र एकदाच. "दुसऱ्यांदा विचारलं की त्यांना नाही म्हणायचा त्रास होतो गं," असं तिचं म्हणणं.

एका घरी म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "पुढच्या जन्मी माझा लेक आंधळा जन्मेल." आईने वाद घातला नाही. त्यांना हात जोडले, बाहेर येऊन गाडीला परत जायला सांगितलं आणि पुन्हा आत गेली. तिरडी बांधून होईपर्यंत ती त्या घरातल्या लहान मुलांना शेजारच्या ओट्यावर दूध-पोळी भरवत होती. तिच्या कामाचं हे रूप मला त्या संमतीपत्रांइतकंच मोठं वाटतं.

श्रीलंकेच्या डॉ. हडसन सिल्वा यांच्याबद्दल ती फार आदराने बोलायची. त्यांनी स्वतःच्या आईचं नेत्रदान केलं आणि १९६१मध्ये नेत्रदान सोसायटी उभी केली. त्या छोट्याशा देशातून पुढे हजारो डोळे परदेशी गेले, भारतातही आले. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या नेत्रदान पंधरवड्यात शाळाशाळांतून ती हे सांगत फिरायची.

याच वर्षांत बाबांची नजर जात होती. मधुमेहाने डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला होता. लेझर झालं, तरी उतरण थांबली नाही. कॉर्निया बदलून पडदा सुधारत नाही. दुसऱ्यांच्या घरून ती जे मिळवून आणायची, त्याचा बाबांना काडीचा उपयोग नव्हता, आणि हे तिच्याइतकं नीट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती रात्रीची रिक्षाने जाऊ लागली, सकाळी परत येऊन बाबांना पेपर वाचून दाखवायची, अग्रलेखापासून. त्यांच्या ताटाची मांडणी तिने कधी हलू दिली नाही: वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. बाबांचा हात कधी चुकला नाही.

ती गेली वैशाखात, दुपारी पावणेदोनला, हृदयविकाराने. मी तिच्या उशाशी उभी होते आणि मला काही म्हणजे काहीच सुचत नव्हतं. पलंगावरून बाबांचा आवाज आला, "पंखा बंद कर."

मग हात आपोआप चालले. देवघरातल्या वातींच्या डब्यातला कापूस घेतला. तिच्या डोक्याखाली बाबांची उशी दिली. नेत्रपेढीचा नंबर कॅलेंडरवर तिच्याच अक्षरात होता.

जो मुलगा आला, तो तिला काकू म्हणायचा. कागद पुढे ठेवताना त्याचा गळा भरून आला होता. सही करायला मी बाबांचं बोट रेघेवर टेकवलं. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वळणदार. शेजारच्या दोघांनी साक्षीच्या सह्या केल्या. खोली रिकामी करायला सांगितली, मी मात्र तिथेच थांबले. इतकी वर्षं हा दरवाजा माझ्यासाठी बंद असायचा.

हातमोजे. तपासणीसाठी थोडं रक्त. चेहऱ्यावर निर्जंतुक कापड, डोळ्यापुरतं उघडं. तपकिरी औषधाचे थेंब, मग धुणं. तारेच्या छोट्या चिमट्याने पापण्या धरल्या. बारीक कात्रीने भोवतालच्या पांढऱ्या कडेसकट ती काच सुटी केली. नखाएवढी. गुलाबी द्रावाच्या बाटलीत ती सोडली, झाकण लावलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली. मग दुसरा डोळा. पापण्यांखाली प्लॅस्टिकच्या छोट्या वाट्या बसवून त्याने डोळे मिटले आणि तिच्या केसांची एक बट कानामागे सारली. सगळं मिळून वीस मिनिटं. ती झोपल्यासारखीच दिसत होती, हे ती लोकांना सांगायची तसंच.

पेढीत आता सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या थरातल्या पेशी मोजतील. त्या पुन्हा वाढत नाहीत. पुरेशा भरल्या तर काच बसेल, केसाहून बारीक टाक्यांनी. कुणाला, ते आम्हाला कळवलं जाणार नाही.

बाहेर माणसं जमली होती, अंगणात ऊन मावत नव्हतं. बाबा गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकत राहिले. तो बंद झाल्यावर माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "आता लाव पंखा. सगळ्यांना उकडत असेल."